आठच्या गोळीसाठी दुसरा सर्व्हर

सर्व्हर बंद पडला तेव्हा अक्षता भोयर मुक्ताईला नाचणीची पेज भरवत होती. पुढची सगळी भानगड त्या पेजेमुळे झाली, असं तिच्या नवऱ्याचं, चेतनचं, अजून मत आहे. पेज भरवताना हात कामात आणि डोकं रिकामं असतं, आणि अक्षताचं डोकं रिकामं असणं घराला परवडत नाही, असं तो म्हणतो. चेतननं दोन वर्षांच्या लेकीला, मुक्ताईला, पेज भरवल्याचं पुण्याच्या वारज्यात कोणीही पाहिलेलं नसल्यामुळे या मताला किती किंमत द्यायची ते ज्याचं त्यानं ठरवावं.

वारज्यातल्या त्यांच्या आणि शेजारच्या दोन सोसायट्यांत मिळून एक्केचाळीस आजी-आजोबा असे होते, की ज्यांची मुलं अमेरिकेत, सिंगापुरात किंवा (सगळ्यांत लांब) मगरपट्ट्यात राहत होती. त्या मुलांनी पैसे भरून अक्षताकडे नावं नोंदवली होती, आणि त्यांच्या आईवडिलांना रोज सकाळी आठ वाजता अक्षताच्या आवाजातला फोन जायचा : "नमस्कार. आठ वाजले. गोळी घेतलीत का? घेतली असेल तर एक दाबा." एक दाबला गेला नाही तर पंधरा मिनिटांनी अक्षताच्या मोबाइलवर निरोप यायचा, आणि मुक्ताईला कडेवर घेऊन ती त्या घराची बेल वाजवायला निघायची. हा सगळा कारभार ज्याच्यावर चालायचा तो सर्व्हर तिनं एका कंपनीकडून भाड्यानं घेतला होता. व्हर्च्युअल सर्व्हर, म्हणजे दुसऱ्याच्या मोठ्या यंत्रातली एक खोली, स्वतंत्र दाराची. संडास कॉमन म्हटलं तरी चालेल.

त्या मंगळवारी सव्वाआठ वाजले तरी एकही निरोप आला नाही. रोज दोघं-तिघं एक दाबायला विसरायचेच. आज कोणीच नाही? अक्षताला आनंद झाला. आनंद झाला की तिला पाठोपाठ घाम फुटतो. कारण तपासावं म्हणून तिनं लॅपटॉप उघडला, तर सर्व्हर गेलेला. हळू चालतोय, दमलाय, असलं काही नाही. गेलेला.

एक्केचाळीस गोळ्या तिच्या डोळ्यांसमोर आल्या. रक्तदाबाच्या पांढऱ्या, साखरेच्या लांबट, आणि यमुनाबाईंची हृदयाची, इवलीशी गुलाबी. यमुनाबाई पलीकडच्या इमारतीत एकट्या राहायच्या आणि गुडघ्यांपायी सहा महिने दाराबाहेर पडल्या नव्हत्या. अक्षता तशीच धावली. मुक्ताईच्या हनुवटीवरून पेज ओघळत होती.

यमुनाबाईंनी दार उघडलं. हातात वर्तमानपत्र, नाकावर चष्मा.

"आजी, गोळी घेतली?"

"कधीच."

"पण आज फोन आला नाही ना!"

"हो का? तरीच म्हटलं, आज शांत वाटतंय."

दुसऱ्या कोणी या उत्तरावर दोन मिनिटं विचार केला असता. अक्षतानं त्याचा 'आजच्यापुरत्या वाचल्या' एवढाच अर्थ काढला आणि पुढच्या घराकडे पळाली. साडेनऊला सर्व्हर आपण होऊन जिवंत झाला. कंपनीनं 'अपरिहार्य देखभाल' असं कळवलं. कोणाला काही झालं नव्हतं. पण काही झालं नाही यावर समाधान मानणाऱ्यांपैकी अक्षता नव्हती. पुढच्या वेळी होईल, आणि ते आपल्यामुळे होईल, एवढं तिला स्वच्छ दिसत होतं.

"दुसऱ्या कंपनीचा एक सर्व्हर बॅकअपला घेऊन ठेव," चेतन म्हणाला. "पहिला पडला की दुसरा फोन करेल. दहा मिनिटांचं काम आहे."

चेतन हिंजवडीला नोकरी करतो. जे काम त्याला करायचं नसतं ते दहा मिनिटांचं असतं.

तळमजल्यावरच्या रावसाहेबांचं मत निराळं पडलं. रावसाहेब पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले, आणि एक्केचाळीसांच्या यादीत पहिला नंबर त्यांचा. ते म्हणाले, "धरण बांधताना आम्ही आधी सांडवा बघायचो. पाणी अडवणं सोपं असतं. अडलेलं पाणी ऐन वेळी कुठून सोडणार, तिथे माणसाची परीक्षा. घाई करू नकोस. चौकशी कर. शंभर प्रश्न विचार."

समोरच्या फ्लॅटमधली पूर्णिमा म्हणाली, "आमच्या दिरांचा बंगलोरला सर्व्हर आहे. घरचाच माणूस. गणपतीत येतात तेव्हा घेऊन यायला सांगू का?"

अक्षतानं दोनशे पानी वही आणली आणि सत्तावीस प्रश्न काढले. शंभर तिला जड नव्हते, पण मुक्ताईनं मधली पानं खाल्ली.

पहिला फोन तिनं ज्या कंपनीला केला तिथे अभिनव नावाचा गृहस्थ होता. इतक्या गोड आवाजाच्या माणसावर विश्वास ठेवू नये, हे तिला आधीच कळायला हवं होतं.

"मॅडम, आमचा नव्व्याण्णव पॉइंट नऊ टक्के अपटाइम आहे. डोळे झाकून घ्या."

डोळे झाकणं अक्षताला मुक्ताई झाल्यापासून जमत नव्हतं. तिनं वहीत भागाकार केला. "म्हणजे वर्षातले पावणेनऊ तास बंद."

"अं... जास्तीत जास्त, मॅडम. एरवी तेवढेही नाही."

"ते कधी असतात?"

"काय कधी?"

"ते पावणेनऊ तास. सलग असतात का सुटे? आणि त्यातले किती सकाळी आठ वाजता?"

"मॅडम, ते आधी कसं सांगता येईल?"

"तेच तर. मला भीती त्याचीच वाटते. मी सर्व्हर बघायला येऊ का?"

"मॅडम, व्हर्च्युअल असतो तो. बघण्यासारखं त्यात काही नसतं."

"भाड्याची खोली आम्ही न बघता घेत नाही," अक्षता म्हणाली. अभिनवनं शहराच्या दुसऱ्या टोकाचा, वाघोलीचा, पत्ता दिला. देताना त्याचा आवाज पहिल्याइतका गोड राहिला नव्हता.

वारज्याहून वाघोलीला जाण्यापेक्षा वर्ध्याला सासरी जाणं सोपं. तिकडे निदान झोपून जाता येतं. रावसाहेब सोबत आले. "मलाही बघू दे एकदा," एवढंच म्हणाले, आणि दोन्ही बसमध्ये खिडकीतून बाहेर बघत गालात हसत होते. अक्षताला वाटलं, म्हाताऱ्या माणसांना प्रवासाचा आनंद होतो. एक बस येरवड्याला अर्धा तास अडकली. मुक्ताईनं एका बाईच्या पिशवीतली मंडईतून आणलेली मेथी उपटली. शेवटी ती तिघं नगर रस्त्यालगतच्या एका राखाडी इमारतीच्या फाटकापाशी पोचली. तिथला रखवालदार खुर्चीत बसून शेंगा सोलत होता.

"आत कुणाला सोडत न्हाईत, ताई."

"आम्हाला फक्त सर्व्हर बघायचाय. लांबून."

"लांबूनच बघा की. ही भिंत. तिच्या आत समदं हाय."

अक्षतानं भिंत बघितली. रावसाहेबांनी हात लावून बघितली आणि गिलाव्याबद्दल समाधान व्यक्त केलं. एवढ्यात अक्षताची नजर फाटकावरच्या पाट्यांकडे गेली. एकाखाली एक अशा सात पाट्या होत्या. वरून तिसरी अभिनवच्या कंपनीची. पाचवी तिच्या आत्ताच्या कंपनीची.

"हे दोघं इथेच?" तिनं दोन्ही पाट्यांकडे बोट केलं. "म्हणजे... एकाच इमारतीत?"

"समदे हितंच हायेत. नावं येगळी, लाइट एकच," रखवालदार म्हणाला. "मागल्या मंगळवारी जनरेटर पेटला न्हाई, तवा समदे एकदमच गेले. लई गंमत झाली."

अक्षतानं मनात हिशेब केला. आपण उद्या दोन्हीकडे पैसे भरून निवांत झोपलो असतो, आणि दोन्ही सर्व्हर हातात हात घालून एकाच मिनिटाला गेले असते! तिनं तिथूनच अभिनवला फोन लावला.

"पण मॅडम," अभिनव कळवळून म्हणाला, "रॅक वेगळी आहे!"

त्यानंतर अक्षताचा भारतातल्या कुठल्याही भिंतीवर विश्वास उरला नाही. रावसाहेबांनी घरचा जुना नकाशा काढून भूकंपाचे पट्टे, नद्यांचे पूर आणि समुद्राचं अंतर बघितलं आणि जर्मनीवर बोट ठेवलं. तिथल्या एका कंपनीनं सत्तावीस प्रश्नांना सत्तावीस उत्तरं पाठवली. शेवटी फक्त एक विनंती केली होती : राहत्या पत्त्याचा पुरावा द्यावा.

विजेचं बिल बिल्डरच्या नावावर होतं. गॅसचं पुस्तक वर्ध्याचं होतं. भाडेकरारावर चेतनचं नाव होतं आणि पत्ता होता 'मारुती मंदिरामागे, पाण्याच्या टाकीसमोर, जुन्या पिठाच्या गिरणीजवळ'. जर्मनीनं नम्रपणे कळवलं की हा पत्ता नसून वर्णन आहे. अक्षतानं गिरणीचा फोटो पाठवला. जर्मनीनं विचारलं, गिरणीचा नंबर किती? अक्षतानं दारापुढे मुक्ताईला उभं करून फोटो काढला. जर्मनीनं मुलगी गोड असल्याचं मान्य केलं, पण पुरावा मागितलाच. बारा दिवस गेले. या बारा दिवसांत रोज सकाळी आठला अक्षताचा श्वास अडकायचा आणि सव्वाआठला सुटायचा. अखेर रावसाहेबांनी ट्रंकेच्या तळातून आपला सरकारी शिक्का काढला, 'सदर बाई सदर ठिकाणी राहतात' असं इंग्रजीत लिहिलं आणि खाली जांभळी शाई भरपूर लावून तो उमटवला. निवृत्त माणसाच्या शिक्क्याला कायद्यात काडीची किंमत नसते. पण जांभळी शाई बघून जर्मनी नरमली.

रविवारी चेतननं दोन्ही सर्व्हरची गाठ घालून दिली. व्यवस्था साधी होती. दुसऱ्यानं अधूनमधून पहिल्याला 'आहेस का?' असं विचारायचं. उत्तर आलं तर गप्प बसायचं. उत्तर आलं नाही तर पहिला गेला असं समजून स्वतः फोन करायला लागायचं.

"मिनिटाला एकदा विचारू दे," चेतन म्हणाला. "पुष्कळ झालं."

अक्षता मान डोलावून हो म्हणाली. चेतन अंघोळीला गेल्यावर तिनं मिनिटाचा सेकंद केला. एका मिनिटात काय काय होऊ शकतं हे चेतनला ठाऊक नव्हतं. मुक्ताई दुपारी झोपली की अक्षता तिच्या नाकाखाली बोट धरून बसते; तिथेही ती मिनिटभर थांबत नाही.

सोमवारी आठ वाजले. आठ वाजून एक मिनिटानं लॅपटॉपवर दिसलं की पहिल्या सर्व्हरचे सगळे फोन गेले. अक्षतानं सुस्कारा टाकला. आठ वाजून दोन मिनिटांनी दिसलं की दुसऱ्याचेही सगळे गेले.

तिला आधी ते कळलंच नाही. मग पहिल्या कंपनीचं पत्र दिसलं : 'कोणी अज्ञात इसम जर्मनीतून दर सेकंदाला आपल्या सर्व्हरला हाका मारून त्रास देत होता. आम्ही त्याला कायमचा अडवला आहे. काळजी नसावी.'

म्हणजे जर्मनीनं विचारलं, 'आहेस का?' दार बंद होतं, उत्तर आलं नाही. तेव्हा जर्मनीनं पहिल्याला मृत समजून कामाला सुरुवात केली. दोन्ही जिवंत. दोघांनीही त्याच आवाजात विचारलं, 'गोळी घेतलीत का?' सत्तरीच्या पुढची माणसं. पहिली गोळी घेतल्याचं दोन मिनिटांत विसरणारी. फोन आला की ताई सांगतेय म्हणून तोंडात टाकणारी.

दुप्पट डोस. एक्केचाळीस घरांत.

आधी तिनं वर्ध्याला सासूबाईंना फोन लावला, कारण एक्केचाळीसांखेरीज त्यांचाही नंबर तिनं यंत्रात फुकट घातला होता. ललिताबाईंनी लगेच उचलला.

"काहून वं अक्षता, दोन-दोन डाव फोन करून राहिली?"

"आई, गोळी दोनदा नाही ना घेतली?"

"एक डावही नाही घेतली अजून. तू सांगतं म्हणून घेऊ का मी? माझ्या टायमानं घेतो."

सुनेचं न ऐकण्याची सवय एवढी जीवनदायी असेल असं अक्षताला कधी वाटलं नव्हतं. पण वारज्यातल्या एक्केचाळीसांपैकी कोणी तिची सासू नव्हती. तिनं यादी घेतली आणि वरून एकेकाला फोन लावायला लागली. तीन-चार रिंग झाल्या की ठेवायचा आणि पुढचा लावायचा, कारण ती थांबेल तेवढ्या वेळात यादीत खाली असलेला कोणी पेल्यात पाणी ओतत असेल. रावसाहेब : उचलत नाहीत. यमुनाबाई : उचलत नाहीत. तिसरे, चौथ्या, पाचवे. विसाव्यानंतर तिनं मोजणं सोडलं. एक्केचाळीस फोन झाले आणि एकाही घरातून 'हॅलो' आलं नाही.

पुन्हा पहिल्यापासून लावला. या वेळी रिंग पुरती वाजू दिली. रिकाम्या घरात फोन वाजतो तेव्हा त्याचा एक निराळा आवाज असतो, असं तिला वाटलं.

ती मुक्ताईला उचलून पळाली. यमुनाबाईंच्या दाराला कुलूप होतं. सहा महिने दाराबाहेर न पडलेल्या बाईच्या दाराला बाहेरून कुलूप! म्हणजे दवाखान्यात नेलं. शेजारच्या दारालाही कुलूप. वरच्या मजल्यावर दोन. अक्षता जिन्यात खाली बसली. उठताना तिनं मुक्ताईला इतकं घट्ट धरलं की ती रडायला लागली. एकशे आठला फोन करायचा, पण किती गाड्या मागवायच्या? पोलीस विचारतील, आवाज कोणाचा होता? सगळ्यांनी ओळखलेला आवाज. रेकॉर्ड केलेला. पुराव्यासकट.

ती रडत खाली आली, बागेच्या बाजूनं वळली आणि थांबली.

बागेत एक्केचाळीस जण उभे होते. कोणी नाइट गाउनवर स्वेटर घातलेला, कोणाच्या एका गालाला दाढीचा साबण, एक आजोबा हातात बॅटरी घेऊन भर उन्हात. यमुनाबाईंना दोघांनी प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचलून आणलेलं दिसत होतं. आणि मधोमध रावसाहेब कागद घेऊन हजेरी घेत होते.

"एकोणचाळीस?"

"हजर!"

"चाळीस?"

"आहे हो, दिसत नाही का समोर?"

"एक्केचाळीस?"

"हजर."

रावसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "सगळे हजर. मग झालंय कोणाला?"

"आपल्यातलं कोणी नाही तर दुसरा मिस्ड कॉल दिला कोणी?" यमुनाबाई म्हणाल्या. "घाबरून जीव गेला माझा. इतकं घाबरलंय तरी कोण?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. अक्षतानं हात वर केला.

"मी," ती म्हणाली.

यमुनाबाईंनी आपली खुर्ची तिला देऊ केली, मग उठता येत नाही हे लक्षात आल्यावर अर्धी दिली. कोणीतरी पाणी आणलं, कोणी मुक्ताईला घेतलं. रावसाहेबांनी जरा खाकरून सगळं सांगितलं. रोज पावणेआठला ते यमुनाबाईंना घरच्या जुन्या, नंबर न दाखवणाऱ्या फोनवर मिस्ड कॉल द्यायचे. दोन-तीन रिंग, की ठेवला. त्यांनी गोळी घ्यायची आणि पुढच्याला मिस्ड कॉल द्यायचा. असा फिरत फिरत शेवटच्याचा रावसाहेबांना आला की सगळ्यांच्या गोळ्या झाल्या. फुकटात. आणि त्यानंतर पुन्हा मिस्ड कॉल आला तर कोणाचं तरी काहीतरी बिघडलंय. फोन उचलत न बसता पुढच्याला तसाच एक द्यायचा आणि असाल तसं बागेत यायचं.

"हे कधीपासून चाललंय?" अक्षतानं विचारलं.

"तू सुरुवात केलीस ना, त्या पहिल्याच आठवड्यात एकदा तुझा फोन आठ वाजून दहा मिनिटांनी आला," रावसाहेब म्हणाले. "त्या दिवसापासून."

"दोन वर्षं?" तिला रडू यावं की राग, कळेना. "मग माझा फोन कशाला घेता सगळे? एक कशाला दाबता?"

"अगं, मुलांना संध्याकाळी यादी जाते ना तुझ्याकडून, आईनं गोळी घेतली म्हणून," यमुनाबाई म्हणाल्या. "त्यांना बरं वाटतं. तेवढ्यासाठी दाबतो. आणि आज दोनदा दाबला हो. यंत्राला वाईट वाटू नये."

"मला सांगायचंत तरी, काका! वाघोलीपर्यंत आलात माझ्याबरोबर!"

"मन दुखावलं असतं तुझं," रावसाहेब म्हणाले. "शिवाय भिंत खरंच बघायची होती मला."

पुण्यात कोणाचं मन दुखावू नये म्हणून दोन वर्षं गप्प बसल्याचं हे बहुधा एकमेव उदाहरण असावं. अक्षताचा अपमान झाला होता हे खरं. वारज्यापासून जर्मनीपर्यंत झाला होता. पण छातीतली धडधड मात्र उतरत होती. एक्केचाळीस जण समोर उभे होते, हसत होते, एकमेकांच्या वेशावर बोलत होते. रावसाहेबांनी कागद गुडघ्यावर ठेवून खाली एक ओळ लिहिली.

"बेचाळीस. अक्षता."

"पण मी कुठे गोळी घेते?"

"गोळी नको घेऊस. यादीत शेवटी असलीस तरी फोनात माझ्यानंतर तुझा नंबर. मी तुला मिस्ड कॉल देणार, तू यमुनाबाईंना द्यायचास. आम्हाला इकडे सारखी तुझी काळजी. आता रोज सकाळी कळेल तरी, ही पोरगी ठीक आहे म्हणून."

दुसऱ्या दिवशी पावणेआठला तिचा फोन वाजला आणि थांबला. ती साडेसहापासून त्याच्यासमोर बसली होती. तिनं यमुनाबाईंचा नंबर लावला, दोन रिंग होऊ दिल्या आणि ठेवला.

मग तिला वाटलं, दोन झाल्या की दीडच? आजींना ऐकू गेली असेल ना? त्या बाथरूममध्ये असल्या तर? पुन्हा लावून विचारायला हवं. तिनं फोन उचलला, आणि तिला आठवलं. पुन्हा लावला तर एक्केचाळीस माणसं नाइट गाउनवर बागेत येतील.

तिनं फोन पलंगावर टाकला, दोन्ही हात मांड्यांखाली घट्ट दाबले आणि रावसाहेबांकडे शेवटची रिंग कधी वाजते म्हणून त्यांच्या घराच्या दिशेनं कान लावून बसून राहिली.